पटाशीची धार आणि मॅट काळा रंग: नव्याने सुतारकाम करणाऱ्यांसाठी

काळा रंग सगळं झाकतो, या समजुतीवर अनेक जण पहिल्याच टिपॉयला किंवा फोटोफ्रेमला मॅट काळा निवडतात. निम्मी गोष्ट खरी आहे. मॅट रंग प्रकाश विखरून टाकतो, त्यामुळे रंध्याने थोडा वर-खाली झालेला पृष्ठभाग लांबून सपाट वाटतो. जवळचं मात्र त्यात काहीच लपत नाही. बोथट पटाशीने चेंगरलेले तंतू पहिल्या हातानंतर उभे राहतात, सांध्यातून बाहेर आलेला फेव्हिकॉल वेगळीच चमक दाखवतो, आणि कडेचा टवका उडाला की खालचं पिवळं लाकूड दहा फुटांवरून दिसतं. म्हणून इथे धार आणि रंग एकत्र घेतले आहेत. रंगाच्या निम्म्या तक्रारींचं मूळ पटाशीत असतं.

कोणत्या पटाश्या, कोणते दगड

सुरुवातीला तीन पटाश्या पुरतात: दोन सूत, चार सूत आणि एक इंची. मिलिमीटरमध्ये ६, १२ आणि २५. सहाचा संच स्वस्त दिसतो, पण त्यातल्या तीन वर्षभर पेटीतच राहतात. दुकानात पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, लोखंडी फूटपट्टीवर टेकवून उजेडाकडे धरा. धारेजवळच्या इंचभरात पट्टीखालून उजेड दिसला, तर घरी ती पाठ घासून सपाट करण्यात संध्याकाळ जाईल. मुठीत पातं हलत असेल तर ठेवून द्या.

धारेसाठी दोन रस्ते आहेत. पहिला, दुहेरी ऑइल स्टोन: एक बाजू जाड, एक बारीक, साधारण ८ इंच लांब आणि २ इंच रुंद. दुसरा, ६ ते ८ मिमी जाडीच्या काचेवर चिकटवलेला पाणपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. काच कापणाऱ्याकडे फूटभर लांबीचा उरलेला तुकडा सहज मिळतो. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडाही चालेल. साधी कडप्पा फरशी मात्र बहुधा पुरेशी सपाट नसते, पट्टी ठेवून पाहा. पाणपेपर २२०, ४००, १००० आणि २००० नंबरचे घ्या. नवख्यासाठी काच आणि पेपरच बरे, कारण काच झिजून खोलगट होत नाही. दगड होतो.

ऑइल स्टोनवर शिलाई मशीनचं तेल किंवा त्यात थोडं रॉकेल. स्वयंपाकघरातलं तेल नको. आपल्याकडे करडईचं तेल घरात असतंच, पण ते हवेत सुकून चिकट थर धरतं. जवसाचं तर त्याहून जास्त. चार-सहा महिन्यांत दगडाची छिद्रं बुजतात आणि पटाशी दगडावरून नुसती घसरते. असा दगड रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून तारेच्या ब्रशने घासला तर बऱ्यापैकी मोकळा होतो.

आधी पाठ

नवी पटाशी दुकानातून धारदार येत नाही, फक्त आकार देऊन येते. पात्यावर गंजू नये म्हणून लावलेला लॅकरचा पातळ थर असतो. तो थिनरने पुसा.

मग पाठ. धार म्हणजे दोन पृष्ठभाग भेटतात ती रेघ. उतार, म्हणजे धारेकडची तिरपी बाजू, कितीही चकचकीत केला आणि पाठीवर कारखान्यातले ओरखडे तसेच ठेवले, तर धारही त्या ओरखड्यांइतकीच खडबडीत राहणार. पूर्ण पातं घासायची गरज नाही, धारेकडचे २५ ते ४० मिमी पुरे.

पाठीवर मार्करने शाई फासा. २२० नंबरच्या पेपरवर थोडं पाणी टाका, पातं आडवं सपाट ठेवा, दोन बोटांनी धारेजवळ दाबा आणि पुढे-मागे वीस-पंचवीस वेळा फिरवा. उचलून बघा. शाई जिथे राहिली तिथे खड्डा आहे. धारेला लागून असलेल्या पट्ट्यातली शाई पूर्ण जाईपर्यंत पेपर बदलू नका. इथे घाई केली की पुढे १००० नंबरवर तासभर घासूनही तो खड्डा जात नाही. नंतर ४००, १०००, २०००. प्रत्येक पेपरवर घासायची दिशा थोडी बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी पाठीत टय़ूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसायला हवं.

हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच. पाऊण तास लागला तरी कुरकुर करू नका.

उताराचा कोन

कोनमापक शोधत बसायची गरज नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन बरोबर ३० अंश. जाडीच्या साधारण २.४ पट असेल तर २५ अंश. म्हणजे ४ मिमी जाडीच्या पात्याला ८ मिमी उतार आला की ३०, साडेनऊ मिमी आला की २५. लांबी उतारावरूनच मोजायची.

रोजच्या कामाला मुख्य उतार २५ अंशांचा आणि टोकाला जेमतेम १ मिमीचा दुसरा उतार ३० अंशांचा ठेवतात. फायदा असा की पुढच्या वेळी तो १ मिमीच घासायचा असतो, अख्खा उतार नाही.

पण हा कोन लाकूड पाहून ठरवा. किनवट-माहूरकडचं असो की वखारीतलं, सागवान कापायला मऊ, तरी त्यात वाळूसारखी सिलिका असते, ती धार हळूहळू खाते. त्याला ३० अंश ठीक. बाभूळ आणि शिसम कडक, तिथे २५ अंशांची धार मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) दुसऱ्या-तिसऱ्या घावाला दातरते, म्हणून ३२ ते ३५. आंब्याचं लाकूड मऊ. हाताने ढकलून तासायचं असेल तर २५ वर मजा येते.

धार लावताना

पटाशी ठरलेल्या कोनात धरून ठेवणारं चाकाचं होनिंग गाईड ऑनलाइन सहज मिळतं आणि पहिल्या वर्षी तरी वापरावं. बाजूने पकडणाऱ्या नेहमीच्या छोट्या गाईडमध्ये पटाशी ४० मिमी बाहेर काढली की २५ अंश येतात, ३० मिमी काढली की ३० अंश. फळीच्या तुकड्यावर या दोन मापांवर दोन पट्ट्या ठोकून ठेवा. दर वेळी पटाशी त्यांना टेकवायची आणि स्क्रू आवळायचा. गाईड दुसऱ्या साच्याचं असेल तर वरचा दुपटीचा हिशेब लावून ताळा करा.

उतारावर पुन्हा शाई फासा. ४०० नंबरवर दाब धारेजवळच्या बोटांनी द्या आणि पटाशी फक्त स्वतःकडे ओढा. पुढे ढकलली तर धार पेपर फाडते. दगडावर मात्र पुढे ढकलताना दाब आणि परत येताना हलका हात.

दहा-पंधरा ओढींनंतर थांबा. अंगठ्याचं पोट पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेने न्या, धारेच्या रेघेवरून लांबीत कधीच नाही. नखाला अडकेल अशी पातळ कड लागली पाहिजे. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ही बर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागल्याशिवाय पुढच्या पेपरवर जायचं नाही. नवखे जिथे फसतात ती जागा नेमकी हीच. मध्ये बर आली, कोपऱ्यात नाही, आणि वीस मिनिटं २००० नंबरवर पॉलिश. पटाशी आरशासारखी चमकते आणि लाकूड मात्र चेंगरते.

बर सलग आली की १००० वर दहा ओढी, २००० वर दहा. मग गाईड काढा, पाठ २००० वर पूर्ण सपाट टेकवा आणि तीन-चार वेळा ओढा. मूठ तसूभरही उचलायची नाही. एकदा उचलली की पाठीला सूक्ष्म उतार येतो आणि पाठीवर केलेली पाऊण तासाची मेहनत गेली. उतार आणि पाठ आलटून-पालटून दोन-दोन हलक्या ओढी दिल्या की बर गळते.

शेवटी चामडं. जुन्या पट्ट्याचा तुकडा खडबडीत बाजू वर ठेवून फळीवर चिकटवा आणि त्यावर बफिंगची हिरवी वडी घासा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, नेहमी धारेच्या उलट दिशेने ओढा. ढकललीत तर चामडं कापलं जाईल.

धार तपासायला हाताचे केस कापून बघायची सवय सगळ्यांना असते, पण त्याने फारसं कळत नाही. बर अर्धवट असतानाही केस कापले जातात. पॅकिंगच्या खोक्याची पाइनची पट्टी घ्या आणि तिच्या टोकाच्या छेदावरून, तंतूंची टोकं दिसतात त्या बाजूने, हाताने एक पापुद्रा काढा. सलग पापुद्रा निघून खालचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला, तर पटाशी तयार. भुसा पडला आणि छेद पांढरट, चुरगळलेला दिसला, तर पुन्हा बर तपासा.

पुढे कधी धार लावायची, हे पाहायला धार दिव्याखाली तुमच्याकडे वळवून धरा. तिखट धार दिसत नाही. केसाएवढी पांढरी रेघ चमकली की ती जागा बोथट झालेली आहे. तेव्हाच थांबून १००० आणि २००० वर मिळून दोन-तीन मिनिटं दिली तर काम भागतं. दातरेपर्यंत थांबलात तर पुन्हा २२० पासून.

ग्राइंडर कधी

टवका उडाला असेल किंवा धार तिरपी झाली असेल तरच. ६ इंची बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो आणि पातळ टोक दोन-तीन सेकंदांत तापतं. पोलाद जांभळं-निळं झालं म्हणजे ते २८०-३०० अंशांपर्यंत गेलं. तेवढ्या भागाचा कडकपणा संपला. वरचा निळा रंग पॉलिश करून काढला म्हणजे पोलाद सुधारलं असं होत नाही, निळा भाग पूर्ण घासून मागे यावं लागतं. म्हणून शेजारी पाण्याचं डबडं, धारेजवळ एक बोट टेकवलेलं, आणि बोटाला चटका बसण्याआधी पाण्यात. रंग दिसेपर्यंत वाट पाहायची नाही. डोळ्यांवर गॉगल. हातातला अँगल ग्राइंडर मात्र पटाशीला लावू नका. त्याचे फेरे मिनिटाला १०,००० च्या वर जातात आणि सेकंदभरात टोक निळं होतं.

नेहमी होणाऱ्या चुका

उतार गोल झाला, तर हात डुलतोय. गाईड वापरा किंवा कोपरं अंगाला चिकटवून कमरेतून हला. धार तिरपी झाली, तर एका बोटाचा दाब जास्त पडतोय. दोन सुती पटाशी गाईडमध्ये डुलते, तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याच्या सारख्या पट्ट्या द्या. दगडात मधोमध खड्डा पडला, तर काचेवर ८० नंबरचा पेपर लावून दगड त्यावर घासा, पेन्सिलीने मारलेल्या रेघा सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत.

बोअरचं पाणी बहुतेक गावांत जड असतं. पाणपेपरवर ते वापरायला हरकत नाही, पण पातं ओलं ठेवलं की तासाभरात तांबूस ठिपके येतात. काम संपताच कोरडं पुसा, तेलाचा बोळा फिरवा. ओली बाभूळ कोरली असेल तर हे विसरूच नका. बाभळीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून पातं काळंनिळं पडतं आणि लाकडावरही तसेच डाग उमटतात.

लाकडावर वापरताना

मराठवाड्यात चांगलं जुनं सागवान मिळण्याची एक जागा म्हणजे पाडलेले वाडे आणि माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं. तुळया, सर, खांब वखारीत येतात. लाकूड उत्तम, पण पन्नास-साठ वर्षं त्यावर माती बसलेली असते. भेगांत माती, आत मुंडकं तुटलेले खिळे. ताजी धार लावून थेट त्यात घुसलात तर पहिल्याच इंचात दाते पडतील. तारेचा ब्रश फिरवा, लोहचुंबक लांबीभर सरकवत न्या, वरचा थर जुन्या रंध्याने काढा, मग पटाशी.

जुन्या दाराचा रंग खरवडताना वेगळी काळजी हवी. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात २०१६ साली झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं भरपूर असू शकतं. कोरडा घासू नका, पाणपेपरने ओलाच घासा. मास्क लावा, पोरं-बाळं लांब ठेवा.

कुसू, म्हणजे सांध्यात घुसणारी लाकडाची जीभ, बसवायचं भोक पाडताना रेघेवरच पटाशी ठेवून मोगरी मारली, तर पात्याचा उतार तिला मागे ढकलतो आणि भोक रेघेच्या बाहेर जातं. रेघ आधी सुरीने कापून घ्या, घाव रेघेच्या २-३ मिमी आतून सुरू करा आणि शेवटचा पापुद्रा हाताने काढा. काळ्या रंगात या सांध्याची रेघ केसाएवढी दिसली पाहिजे. लांबी (पुट्टी) भरून बुजवलेला सांधा पहिल्या उन्हाळ्यात उघडा पडतो. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे.

मॅट काळा: कोणता डबा

चमक मोजायचं यंत्र साधारण ६० अंशांतून प्रकाश टाकतं. आकडा १० च्या खाली असेल तर मॅट, ७० च्या वर गेला तर ग्लॉसी, मधले सगळे सॅटिन किंवा सेमी. मॅट चमक येते ती रंगात घातलेल्या बारीक सिलिकामुळे. ती पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत करते. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, सिलिका डब्याच्या तळाशी बसते. डबा नुसता हलवून उघडला तर वरचा रंग चमकदार आणि शेवटचा पांढुरका निघतो. सपाट काठीने तळ खरवडत निदान पाच मिनिटं ढवळा आणि मध्येमध्ये पुन्हा ढवळा. दोन, खडबडीत पृष्ठभाग सारखा घासला की गुळगुळीत होऊन चमकतो. म्हणून जिथे रोज हात घासतो त्या टेबलाच्या फळीला पूर्ण मॅट नको, सॅटिन घ्या. फ्रेम, फडताळ, पाय, टीव्ही युनिटच्या बाजू इथे मॅट शोभतो. चमक कशी हवी ते दुकानदाराला सांगता येत नसेल, तर बिदरी कामात चांदीच्या नक्षीमागे जी काळी जमीन असते तिचा फोटो दाखवा. काळा असाच हवा: खोल, पण राखाडी न दिसणारा.

ब्रशने मारणाऱ्या नवख्याला सॅटिन किंवा मॅट सिंथेटिक एनॅमल सर्वांत सोपं. ते टर्पेंटाइनमध्ये पातळ होतं, हळू सुकतं, त्यामुळे ब्रशच्या रेघा बसायला वेळ मिळतो. पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) वास कमी देतं, पण एप्रिल-मेच्या ४०-४२ अंशांत ब्रश फिरवेपर्यंत सुकतं आणि जोडाचे पट्टे राहतात. ते पहाटे मारा, किंवा दिवाळीनंतर.

एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवारायच्या गनने मारायचा. दहा-वीस मिनिटांत हाताला सुकतो, पण पावसाळ्यात हवेतली ओल त्यात अडकून पांढरट धुकं येतं आणि काळ्यावर ते पिठासारखं दिसतं. ऑगस्टमध्ये मारावाच लागला तर सुकणं लांबवणारा रिटार्डर थिनर मिसळा किंवा कोरड्या दुपारची वाट बघा. दोन भागांचा पीयू सर्वांत टिकाऊ. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. रुमाल बांधून भागत नाही, रसायनांच्या वाफेसाठीचा काडतुसाचा मास्क लागतो. तो नसेल तर हे काम गनवाल्या मिस्त्रीला द्या.

फळ्याचा काळा रंग स्वस्त आणि एकदम मॅट, म्हणून मोह होतो. खडू धरायला केलेला तो रंग, हातालाही खडूसारखाच लागतो आणि नखाची रेघ लगेच धरतो. कुंडीच्या स्टँडला ठीक. भिंतीचा काळा इमल्शन फर्निचरला वापरू नका. कपबशी ठेवली की चिकटते.

शक्यतो कारखान्यातून तयार आलेला काळा घ्या. मशिनवर बेसमध्ये रंगद्रव्य मिसळून केलेल्या गडद रंगात ते इतकं घालावं लागतं की थर बरेच दिवस मऊ राहतो आणि पुसल्यावर फडक्याला लागतो.

किती घ्यायचा? तयार पृष्ठभागावर एक लिटर एनॅमल एका हाताला साधारण १०० चौरस फूट पुरतं. तीन बाय दोनच्या टिपॉयची वरची-खालची बाजू, पाय आणि पट्ट्या मिळून १८ चौरस फूट धरा, दोन हात म्हणजे ३६. चारशे मिली लागेल, अर्ध्या लिटरचा डबा घ्या. दोन डबे लागणार असतील तर एकाच बॅचचे घ्या आणि आधी एका भांड्यात एकत्र करा. दोन डब्यांची चमक किंचित वेगळी असते, ती अर्ध्या फळीवर कळते.

देवघर किंवा पूजेचा चौरंग काळा करायचा विचार असेल तर आधी घरात विचारा. रंग खरवडायला फार वेळ लागतो.

नमुना फळी

त्याच लाकडाचा हातभर तुकडा, त्याच पेपरने घासलेला, तेच अस्तर, तोच रंग. पूर्ण सुकल्यावर सकाळच्या उजेडात आणि रात्री एलईडीखाली पाहा. खोबरेल लावलेला अंगठा त्यावर टेका आणि ओल्या फडक्याने पुसा. डाग राहिला तर घरात रोज असाच दिसेल. नखाने ओरखडा. दुसऱ्या बाजूला सॅटिन मारून हेच सगळं करा आणि मग ठरवा.

रंगवायचा क्रम

१. १२०, १८०, २२० नंबरचा पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने. २२० च्या पुढे जाऊ नका, फार गुळगुळीत लाकडावर रंगाची पकड कमी होते. टोकाचे छेद मात्र २४० पर्यंत.

२. ओला, पिळलेला फडका फिरवा. तंतू उभे राहतील. तासाभराने २२० चा हलका हात. ज्या भागात पटाशी बोथट होती तो इथे खरबरीत लागून ओळखू येतो.

३. सांध्याजवळचा फेव्हिकॉल पटाशीने खरवडा. फडक्याने पुसला तर तो पसरतो आणि त्या जागी रंग वेगळा चमकतो.

४. सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि त्यामुळे एनॅमल सुकायला रेंगाळतं. थिनरच्या फडक्याने पुसा आणि अर्ध्या तासात अस्तर मारा.

५. अस्तर पांढरं किंवा गुलाबी नको. राखाडी घ्या, नाहीतर पांढऱ्या वुड प्रायमरमध्ये लिटरला २०-३० मिली काळा स्टेनर मिसळा. पुढे टवका उडाला तरी पांढरा ठिपका डोळ्यांत खुपणार नाही. टोकाच्या छेदांना आणि एमडीएफच्या कडांना अस्तराचे दोन हात.

६. लांबी अस्तरानंतर भरा. आधी भरली तर लाकूड तिच्यातलं तेल शोषतं आणि ती भुसभुशीत होते. सुकल्यावर घासा, त्या जागी पुन्हा अस्तर लावा.

७. रंगाचा पहिला हात पातळ, ५-१० टक्के टर्पेंटाइन घालून. एक रात्र जाऊ द्या. ३२० नंबरचा अगदी हलका हात, धूळ पुसा, दुसरा हात.

८. ओला रंग चमकदारच दिसतो, घाबरू नका. शेवटचे ब्रश एका दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सुकत आलेल्या रंगावर परत ब्रश फिरवला तर तिथे चमकीचा डाग राहणारच. शेवटच्या हातानंतर पेपर लावायचा नाही. मॅटवर पडलेला ओरखडा राखाडी दिसतो आणि तो पॉलिशने जात नाही.

एनॅमलवर एन.सी. लॅकर मारू नका. त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या येतात.

चौकटीत खोबणीत बसणारी फळी असेल, तर जोडण्याआधीच ती पूर्ण रंगवा. पावसाळ्यात फुगलेली फळी मेमध्ये आकसते आणि खोबणीत लपलेला न रंगवलेला पट्टा बाहेर येतो. काळ्या चौकटीत ती पिवळी रेघ सगळ्यांना दिसते. इकडच्या हवेत हा फरक मोठा असतो.

जागा आणि वेळ: सकाळी सहा ते नऊ, वारा सुटायच्या आत. आदल्या रात्री जमिनीवर सडा मारा म्हणजे धूळ बसते. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा उन्हं वर आल्यावरच डबा उघडा. रंगाची, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

रंगाशिवाय काळं

लाकडाच्या रेषा दिसत काळं हवं असेल तर बाभळीला फार सोपा उपाय आहे. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये २०-२५ ग्रॅम साधे लोखंडी खिळे किंवा स्टील वूल टाका. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस नकोत. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. आठवड्याभराने कापडातून गाळून ब्रशने लावा. बाभूळ काही मिनिटांतच काळवंडते. आंब्यात टॅनिन कमी, म्हणून आधी कडक काळ्या चहाचा किंवा हिरड्याच्या काढ्याचा हात द्या, सुकू द्या, मग हे पाणी. वर पारदर्शक मॅट लॅकर लागतंच, नाहीतर हाताला काळं लागेल.

नंतर

एनॅमल दुसऱ्या दिवशी सुकल्यासारखं वाटतं, पण पूर्ण कडक व्हायला किमान आठवडा लागतो. तोवर त्यावर फुलदाणी, पुस्तकं, वर्तमानपत्र काही ठेवू नका. अंगणात किंवा गच्चीवर उन्हात ठेवायची वस्तू मॅट काळी करायचीच असेल, तर उन्हात ती हात ठेवू देणार नाही आणि सांधेही लवकर सुटतील, हे धरून चला. पुसायला ओलं मऊ फडकं. फर्निचर पॉलिश किंवा खोबरेल नको, त्यांनी डाग चमकायला लागतात.

ओरखडा पडला तर त्या ठिपक्यापुरता ब्रश लावून भागत नाही, ठिपका वेगळा दिसतोच. ती पूर्ण बाजू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ३२० ने हलकी घासा आणि नव्याने एक हात द्या. त्यासाठी उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या, काठोकाठ भरेल अशा डब्यात ठेवा. वर बॅच नंबर आणि तारीख लिहा, आणि उघडल्यावर पुन्हा तळापासून पाच मिनिटं ढवळा.